चिमणीची खुर्ची

६ फेब्रुवारी, मंगळवार

दैनंदिनी लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. दुकान, घर आणि बासरी सांभाळता सांभाळताच नाकी नऊ येतात, त्यात हे आणखी कोण करणार? पण आज जे झालं ते तारखेनिशी लिहून ठेवलेलं बरं. उद्या कुणी म्हणालं, "भांडण तूच काढलंस," तर ही वही पुढे सरकवता येईल.

झालं असं की तालीम संपल्यावर वन्संनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "एप्रिलच्या कार्यक्रमात चिमणी पोस्टवाली वाजवेल. तू नळ घे."

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आमचा बासरीवृंद त्यांनीच जमवला आणि समोर उभं राहून, हात हलवून तो त्याच हाकतात. आम्ही नऊ जण. सगळ्यांच्या बासऱ्या धातूच्या, पण लहानमोठ्या. सगळ्यात लहान ती चिमणी, जेमतेम हातभर, सगळ्यांच्या वर उडणारी. ती पहिल्या दिवसापासून माझी. सगळ्यात मोठा तो नळ. इतका लांब की वरचं टोक वाकवून मागे आणलंय, मोरीतल्या पाइपासारखं. तो वाजवणारे गृहस्थ बदली होऊन गेले तेव्हापासून कपाटात पडून आहे. नळ वाजला तर कुणाचं लक्ष जात नाही आणि नाही वाजला तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, असं म्हणतात. म्हणजे घरच्या सुनेसारखंच.

"का पण?" मी विचारलं.

वन्सं काहीतरी पुटपुटल्या. हल्ली फार पुटपुटतात. वय झालं.

"जरा मोठ्याने बोला की. सगळ्यांना कळू दे."

"अगं, मोठ्यानेच बोलतेय," असं म्हणून त्यांनी कागद गोळा करायला घेतले.

पोस्टवाली दोन वर्षांपूर्वी आली. दिवसभर टपाल वाटते, संध्याकाळी वाजवायला येते. मुलगी गोड आहे, नाही म्हणत नाही मी. पण कानामागून आली आणि तिखट झाली, याला दुसरं काय म्हणायचं? मी चिमणी सोडणार नाही. लिहून ठेवते, सोडणार नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना सगळं सांगितलं. दुकान आमचं एकच, पण अर्ध्यात माझे चष्मे आणि अर्ध्यात ह्यांची घड्याळं. हे डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळात वाकले होते. वर न बघता म्हणाले, "एकदा कान दाखवून घे गं."

"माझे कान? आधी तुमची पाठ दाखवा, वाकून वाकून कमान झालीय."

बहिणीचीच बाजू घेणार, रक्ताचं नातं ना! एक मात्र खरं, हल्लीची घड्याळं चांगली निघालीत. पूर्वी त्या भिंतीची टिकटिक डोकं उठवायची. आता कसं शांत असतं. ह्यांना म्हटलं तसं, तर माझ्याकडे नुसते बघत राहिले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्संशी तह झाला. मार्चमध्ये वाचनालयात आमचा छोटा कार्यक्रम आहे, तिथे चिमणी मी वाजवायची. नीट झालं तर एप्रिललाही मीच. वन्सं "बरं" म्हणाल्या, पण चेहरा असा की बरं काहीच नाही.

तालीम दातवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात असते, रोगी गेले की. बसायला तिथल्याच खुर्च्या, एका लोखंडी दांडीवर ओळीने पक्क्या ठोकलेल्या. एकाने कूस बदलली की सगळी ओळ हलते. डॉक्टर माझ्या शेजारी बसतात. मनाने चांगले आहेत. म्हणतात, "दिवसभर लोक माझ्यासमोर आ वासतात, संध्याकाळी मी माझे ओठ मिटून घेतो, तेव्हा कुठे बरं वाटतं." पण खोड वाईट. वाजवताना सारखे खुर्चीच्या पायावर बुटाने ठोकतात. नेमकं माझी ओळ यायच्या वेळी! आज बोललेच मी.

"डॉक्टर, पाय जरा आवरा. दांडीतून पार माझ्या मणक्यापर्यंत येतं ते."

"काय करू ताई," म्हणाले, "पाय लांब आहेत माझे."

लांब! गृहस्थ माझ्याहून चार बोटं उंच असतील, जास्त नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

नवी किटली दुकानात परत नेली. पाणी उकळून भांडं कोरडं पडायची वेळ आली तरी शिट्टी नाही. दुकानदाराने तिथल्या तिथे पाणी उकळून दाखवलं आणि म्हणाला, "वाजतेय की हो." वाजतेय म्हणे! मी समोर उभी होते. वाफ निघत होती फक्त. शेवटी तावातावाने बोलले तेव्हा दुसरी दिली. तीही तसलीच. मालच खराब येतो हल्ली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज दुकानात बँकेतले साहेब आले होते. डोळे तपासायला बसवलं तर शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मी तक्ता उलटा केला, दुसरा होता त्याच्यामागे. साहेबांनी डोळे बारीक केले. तक्ता पाठ करून आले होते! असले नग मला महिन्याला भेटतात. वर्तमानपत्र हात ताणून वाचतील आणि म्हणतील, हात आखूड आहेत, डोळे उत्तम आहेत.

मी माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. नंबर लागला म्हणजे गुन्हा केला का? चष्मा लावल्याने माणूस म्हातारा होत नाही, न लावल्याने वेडा मात्र दिसतो. साहेबांनी मुकाट्याने फ्रेम निवडली. पलीकडून हे खोकले. दोनदा खोकले. औषध घ्या म्हटलं.

संध्याकाळी आमची जुनी रचना 'पहाट' पुन्हा बसवायला घेतली. एप्रिलच्या कार्यक्रमातली तीच मुख्य. सुरुवातीला सगळे खाली गुणगुणतात, मग पोस्टवाली एकटी एक उंच, बारीक सूर धरते. त्यावर तीन मोजायचे आणि चिमणीने उडायचं. ही मुलगी तो सूर इतका दाबून धरते की असून नसल्यासारखा. दोनदा सांगितलं, "अगं, जेवून येत जा, फुंकरीत जीव नाही." ती म्हणाली, "हो काकू." मी तरी चुकले नाही. एकदाही नाही. डॉक्टरांची ठोकाठोक चालूच होती.

१ मार्च, शुक्रवार

रागाच्या भरात सगळं वाईटच लिहिलं जातंय. एक चांगलं लिहिते.

लांब सुरावर शेजाऱ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. दोघांनी एकदम घेतला की सुराला भोक पडतं. म्हणून आधी ठरवायचं, तू इथे घे, मी तिथे घेते. तू घेतोस तेव्हा मी धरते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही माणसं श्वासच घेत नाहीत. इतक्या वर्षांत घरात, दुकानात मला असं कुणी म्हणालं नव्हतं, तू घे श्वास, मी धरते. आज मी आणि डॉक्टरांनी पूर्ण पानभर सूर एकसंध नेला, तेव्हा वन्सं हसल्या. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, ते राहून गेलं.

शिवाय दुकानाच्या माळ्यावर लेन्सचे खोके घेऊन चढते ती न थांबता. पूर्वी मधल्या पायरीवर बसायची. पाठ सरळ झाली. झोप लागते. हे सगळं फुंकून मिळवलंय, फुकट नाही. म्हणूनच ती खुर्ची मी सोडणार नाही. रोज दुकान उघडायच्या आधी तासभर घासते आहे.

१० मार्च, रविवार

लिहितेच.

वाचनालयात खुर्च्या सुट्या होत्या, खाली जाड गालिचा. नीटनेटकं सगळं. 'पहाट' सुरू झाली. मी चिमणी ओठाला लावून पोस्टवालीच्या सुराची वाट बघत राहिले. बघतेय, बघतेय. सूर नाही. डॉक्टरांचा पाय माझ्या बाजूला येत होता, पण खुर्च्यांत अंतर होतं, पोचत नव्हता. वन्संचा हात माझ्याकडे आला आणि तिथेच थांबला. मग खालचेही एकेक गप्प झाले. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या वाजल्या.

टाळ्या! अर्ध्यावर! लाजेने माझे कान तापले.

बाहेर येऊन मी पोस्टवालीला धरलं. "सूर लावलाच नाहीस तू. चिमणी हवी होती ना, म्हणून?" ती पांढरीफटक पडली. "काकू, मी लावला होता," एवढंच म्हणाली. वाचनालयातले चार लोक बघत होते. वन्सं मध्ये पडल्या, "घरी चल आधी."

ही वही पुरावा म्हणून सुरू केली ते बरंच झालं. मंगळवारी सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष.

१२ मार्च, मंगळवार

सोक्षमोक्ष झाला.

पोस्टवालीने कार्यक्रम मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला होता. तिने तो मध्ये ठेवला, सगळे भोवती वाकले. पडद्यावर एक रेघ असते, आवाज आला की नाचते. खालची गुणगुण आली, रेघ नाचली. ती मला ऐकू आली. मग गुणगुण मंदावली. मी म्हटलं, "हं, आता बघा."

रेघ उभी राहिली. उंच, काटेरी, थरथरत. तशीच राहिली.

मला काही ऐकू येत नव्हतं.

मी सगळ्यांची तोंडं बघितली. कुणाची मान किंचित हलत होती, सुरावर हलते तशी. मी आयुष्यभर डोळ्यांचा धंदा केला, डोळ्यांवर माझा विश्वास आहे. रेघ खोटं बोलत नव्हती. मी मोबाइल उचलून कानाला लावला, आधी डाव्या, मग उजव्या. उजव्याला काहीच नाही. डाव्याला कुठेतरी, पार लांब, भिंतीपलीकडे असावं तसं.

"कधीपासून?" मी विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, "ताई, दोनेक वर्षं. पहिल्यांदा माझा पाय चुकून लागला आणि तुम्ही बरोबर वेळेवर आलात. म्हणून मग मी लावायला लागलो."

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच त्यांना म्हटलं, तुझ्या शेजारची जागा सोडू नका."

मग मी बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. मला काय आंधळी समजून हात धरून रस्ता ओलांडून देत होतात? सगळ्यांनी मिळून? माझ्या पाठीमागे? वन्सं ऐकून घेत होत्या. संपल्यावर नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आली असतीस का तू?"

मी चिमणी पेटीत घातली, पेटी त्यांच्या हातात दिली आणि आले.

१३ मार्च, बुधवार

दुकान. चार चष्मे. बाकी काही नाही.

१५ मार्च, शुक्रवार

तालमीची वेळ झाली तशी उठून केस बांधले. मग आठवलं, जायचं नाहीये. तशीच पलंगाच्या कडेला बसले. गंमत म्हणजे छातीत श्वास आपोआप भरला, खोल, आणि धरून ठेवला गेला. आता कुणासाठी धरायचा, असं वाटून रडू आलं. बरंच रडले. हे स्वयंपाकघरात भांडी आपटत होते, म्हणजे त्यांनाही कळलं असणार.

१७ मार्च, रविवार

सकाळी दार उघडलं तर पायात लांबच लांब पेटी. अडखळून पडतेच आहे! आत नळ. ना चिठ्ठी ना चपाटी. वन्संना फोन केला.

"दारात काय टाकून गेलात? मोडला असता माझा पाय."

"बेल वाजवली होती. तीनदा," त्या म्हणाल्या.

मग त्याच आधी हसल्या, मेल्या. मलाही हसू आवरेना.

"नळ मला नको," मी म्हटलं.

"नको तर नको. आठ जणांनी करू. पण ती खुर्ची मी काढणार नाही. रिकामी ठेवेन. एप्रिलच्या एकवीसलासुद्धा, मंचावर, सगळ्यांसमोर."

त्या ठेवतीलही. हट्टीपणा त्या घरातच आहे, ह्यांना बघा की.

१८ मार्च, सोमवार

कान तपासून आले. एकटी गेले.

काचेच्या खोलीत बसवतात, कानावर टोपण लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. समोर काचेत त्या तपासणाऱ्या बाईंच्या हाताचं प्रतिबिंब पडत होतं. त्यांचं बोट खाली गेलं की मी दाबत होते. फटाफट दाबत होते. बाईंनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आत येऊन माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

भिंतीकडे तोंड करून बसल्यावर मला बँकेतले साहेब आठवले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग मी शहाण्यासारखी बसले आणि जे आलं तेवढंच दाबलं. फार थोड्या वेळा दाबलं.

खालचे सूर दोन्ही कानांना चांगले आहेत. वरचे गेलेत, उजव्याचे जास्त. बाईंनी विचारलं, काम कुठलं करता, खूप आवाजात? म्हटलं, नाही हो, चष्मे करते. मग आठवलं. चिमणी उजव्या बाजूला धरतात, उजव्या कानाला लागूनच. रोज सकाळी तासभर घासत होते ना मी, ती जागा सोडायची नाही म्हणून!

यंत्र लावायला सांगितलंय, दोन्ही कानांना. "गेलेलं परत येणार नाही, आहे ते वापरता येईल," म्हणाल्या. हे वाक्य मी माझ्या दुकानात घेणार आहे.

यंत्राचं माप देऊन आले. घरी येऊन नळाची पेटी उघडली. आजपासून एकवीस एप्रिलपर्यंत जेवढे दिवस आहेत तेवढे आहेत. रिकामी खुर्ची मंचावर दिसता कामा नये.

२२ मार्च, शुक्रवार

नळ म्हणजे राक्षस आहे. चिमणीला थुंकी उडवावी इतकी फुंकर पुरते, याला अख्खी छाती ओतावी लागते आणि वर हा "हुं" म्हणतो. पहिल्या दिवशी दहा फुंकरीत भोवळ आली. जमिनीवर बसून वाजवलं, म्हणजे पडायची भीती नाही. बोटं दूर दूर ठेवावी लागतात, खांदे भरून आले. हे येऊन म्हणाले, "बोट लागलीय का कुठे धक्क्याला?" म्हटलं, हसा. आज तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले.

पण एक आहे. तो वाजतो तेव्हा ऐकावा लागत नाही. हनुवटीत येतो, दातांत येतो, मांडीवर टेकवला तर मांडीत येतो. मला माझा सूर चुकला की बरोबर ते दातांनी कळतं.

२६ मार्च, मंगळवार

यंत्रं मिळाली. कानामागे बसतात, शेंगदाण्याएवढी. घालून रस्त्यावर आले तर माझीच चप्पल मला ऐकू यायला लागली. कागदाची पिशवी तर काय, फटाके फुटावेत तशी.

दुकानात शिरले आणि दारातच थांबले. ह्यांच्या भिंतीवरची सगळी घड्याळं, सगळी, एकदम, टिकटिक टिकटिक.

"ही कधी सुरू केलीत?" मी विचारलं.

"बंद कधी होती?" हे म्हणाले.

मी स्टुलावर बसून घेतलं. ह्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, जे हे गिऱ्हाईक समोर असतानासुद्धा ठेवत नाहीत, आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू काहीतरी म्हणाले. ते मला ऐकू आलं. ते इथे लिहिणार नाही.

२९ मार्च, शुक्रवार

तालमीला गेले. वन्संनी फक्त माझ्यासाठी शेवटची खुर्ची दाखवली, नळाला जागा लागते म्हणून.

यंत्रं घालून चिमणी ऐकली, पत्र्यावर सुई ओढावी तशी वाजते ती त्यातून. म्हणजे ती वाट आता खरंच बंद. वाईट वाटलं, लपवत नाही. पण मग आम्ही 'पहाट' धरली आणि माझा पहिला सूर लागला तसा त्या दांडीतून तो सगळ्या ओळीत गेला. पलीकडच्या टोकाला डॉक्टर बसले होते, त्यांनी वळून बघितलं. नऊ जणांचं वाजणं मला खुर्चीतून समजत होतं, कोण कुठे आहे, कोण मागे राहतंय. आठ वर्षं मी वर बसून सगळ्यांवरून उडत होते. खाली एवढं काय काय चाललेलं असतं हे माहीतच नव्हतं.

पोस्टवालीकडे जाऊन काही बोलायचं होतं. तिचा चष्मा वाजवताना सारखा नाकावरून घसरतो. तोच काढून घेतला, दांड्या गरम करून वाकवल्या, नाकाला मऊ गाद्या बसवल्या आणि दिला. ती म्हणाली, "काकू, किती झाले?" मी म्हटलं, "वाचनालयाबाहेर जे बोलले ते परत घे, फिटलं." तिने माझा हात दाबला. मुलगी गोडच आहे, आधीच लिहिलंय मी.

१२ एप्रिल, शुक्रवार

आता घोर पोस्टवालीचा. चिमणी उत्तम वाजवते, सुरात माझ्याहून सरस, मान्य. पण एकटीने उडायची वेळ आली की गोठते. तिचा जुना उंच सूर आता डॉक्टर धरतात. तीन मोजायचे, तर ही सात मोजते. वन्सं रागावल्या की आणखी गोठते. "दारोदार पत्रं टाकताना बरं असतं," म्हणाली, "आत टाकलं की पळता येतं. इथे सगळे बघत असतात."

माझं विचाराल तर नळ आता दोन पानं न थांबता जातो. श्वास कुठे घ्यायचा ते शेजाऱ्याशी ठरवलंय.

२१ एप्रिल, रविवार

कार्यक्रम झाला. झोप येणार नाही, म्हणून लिहून टाकते.

सभागृह भरलं होतं. मंचावर खुर्च्या सुट्याच, दोन ओळींत. नळ मागे, आणि माझ्या बरोबर पुढे पोस्टवाली. हे तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, पाठ सरळ ठेवायचा प्रयत्न चाललेला.

'पहाट' सुरू झाली. नळ आल्यापासून माझ्या एकटीच्या सुराने सुरू होते ती. लावला, आणि पायाखालच्या फळ्या बोलल्या. मग एकेक जण त्यावर येऊन बसला. माझा श्वास संपत आला तेव्हा शेजाऱ्याने धरलं, त्याचा संपला तेव्हा मी. मग सगळे मंदावलो, आणि डॉक्टरांनी तो सूर लावला.

यंत्रातून आला. बारीक, जरासा पत्र्यासारखा, पण आला. दोन वर्षं ही मुलगी दर मंगळवारी आणि शुक्रवारी हे मला वाजवून दाखवत होती आणि मी तिला जेवून येत जा म्हणत होते! किती सुंदर आहे तो. माझे डोळे भरले, पण नळ सोडला नाही.

एक. दोन. तीन.

चिमणी नाही.

पोस्टवालीचे खांदे कानांपर्यंत चढले होते. वन्संचा हात तिच्याकडे वळून थांबला होता, वाचनालयात थांबला होता तसा. डॉक्टर सूर धरून होते, पण माणूस किती धरणार? पुढच्या रांगेत कुणीतरी टाळीसाठी हात उचललेले मी बघितले.

मी ओठ न हलवता, सूर न सोडता खुर्चीच्या पार टोकापर्यंत घसरले. आणखी घसरले. नळ मांडीवर तिरका झाला. बुटाचं टोक कसंबसं तिच्या खुर्चीच्या मागच्या पायाला पोचलं आणि मी पाय हाणला.

चिमणी उडाली.

काय उडाली! मला सगळी ऐकू आली असं म्हणत नाही, अगदी वरचं निसटलंच. पण तिची पाठ मला दिसत होती, वन्संचा चेहरा दिसत होता, आणि खाली माझा सूर जागच्या जागी होता. टाळ्या वाजल्या त्या पूर्ण संपल्यावरच.

नंतर पडद्यामागे सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. वन्संनी माझ्या पाठीवर जोराने थाप मारली, म्हणजे त्यांना समजलं होतं. पोस्टवाली मात्र चष्मा पुसत माझ्यापाशी आली आणि जरा घुश्श्यातच म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण ऐन वेळेला माझ्या खुर्चीला केवढ्याने पाय मारलात! दचकलेच मी. सांभाळून बसत जा ना."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

"काय करू गं," मी म्हटलं, "पाय लांब आहेत माझे."